चाकांवरचा मुदपाकखाना

दोनशे माणसांचे जेवण चुलीवर टाकायचे म्हणजे काय असते, हे भोर-वेल्ह्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गावची जत्रा असो, सप्ताहाची सांगता असो की घरचे लग्न, पहाटेच अंगणाच्या कडेला चर खणला जातो, त्यावर काहिली चढतात आणि ओंडके आत सरकवले जातात. दोन गडी पाळीपाळीने आमटी ढवळत राहतात, कारण हात थांबला की ती बुडाला लागते आणि एकदा लागली की करपट वास अख्ख्या काहिलीला धरतो. धुराने डोळे चुरचुरतात, वाऱ्याने जाळ भलतीकडेच जातो. शेवटची पंगत उठेपर्यंत चर जिथल्या तिथे, आणि आचारीही जिथल्या तिथे.

आता यात एकच अट वाढवा. हे सगळे चालता चालता करायचे. सकाळी मुक्काम हलवताना विस्तव पेटवायचा, दिवसभर वाट तुडवायची आणि थांबल्यावर झाकण उघडले की दोनशे माणसांचे गरम जेवण आत तयार असले पाहिजे. तेही न करपता, सतत ढवळायला कोणी उभे नसताना, पावसापाण्यात. ही अट जर्मन सैन्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुरी केली. त्यासाठी त्यांनी घोड्यांनी ओढायची एक चूल बनवली. तिचे धुराडे आडवे पाडून ती रस्त्याला लागली की लांबून तोफेसारखी दिसे, म्हणून शिपाई तिला ‘गुलाशची तोफ’ म्हणत. गुलाश म्हणजे मांसाचा दाट रस्सा. आज युरोपात हौशी लोक या चुली जुन्या गोठ्यांतून आणि कोठारांतून शोधून काढतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा त्यांवर जेवण रांधतात. या चुलीच्या पोटात काय आहे ते समजले की आपल्याकडच्या कितीतरी जुन्या भांड्यांकडे आणि कारागिरांकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. मला तरी वाटले.

ही अट किती अवघड आहे ते समजून घ्यायला राजगड चढावा. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. पाव शतक स्वराज्याची राजधानी असलेल्या या गडावर पद्मावती माचीवर फिरताना तळे दिसते, पाण्याची टाकी दिसतात, अंबारखान्याचे आणि दारूकोठाराचे अवशेष दिसतात. समोरचा तोरणा १,४०३ मीटर उंच. तिथला दाणा अन् दाणा माणसाच्या नाहीतर जनावराच्या पाठीवरून वर गेलेला. गडाची तटबंदी पाहून आपण थक्क होतो, पण गड खरा लढतो तो टाक्यातल्या पाण्यावर आणि कोठारातल्या धान्यावर. तिथे चूल एका जागी राहू शकते. धान्य जवळ, पाणी जवळ, विस्तव भिंतीच्या आडोशाला.

फौज गडाखाली उतरली की हे सगळे सुटते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचे वर्ष कसे चाले त्याचे वर्णन आहे. पावसाळ्यात छावणी, तिथे दाणा, वैरण, औषधे आधीच साठवून ठेवलेली आणि दसरा झाला की आठ महिने मुलुखगिरी. या आठ महिन्यांत जेवण म्हणजे जिथे उतरू तिथे तीन दगड. हजार माणसांचा मुक्काम म्हणजे शेकडो लहान चुली. दिवसा त्यांचा धूर आणि रात्री त्यांचा उजेड शत्रूला दुरूनच सांगणार की फौज कुठे आहे आणि साधारण किती आहे.

उघड्या विस्तवाची भीती मराठी लष्कराला किती होती, याचा पुरावा महाराजांच्याच एका पत्रात आहे. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ हलवर्ण येथे घोडदळाची छावणी होती. तिथल्या अंमलदारांना लिहिलेले हे पत्र रयतेला काडीचाही त्रास देऊ नका या ताकिदीसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याचा पुढचा भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. छावणीत गवताच्या गंजी रचलेल्या आहेत, घरे गवताने शाकारलेली आहेत. अशा वेळी कोणी बेफिकिरीने चूल पेटवील, कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, कोणी दिवा तसाच ठेवून झोपेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी छावणी खाक होईल, असे महाराज एकेक शक्यता मोजून सांगतात. गवत जळाले की घोडे गेले, घोडे गेले की राज्याचे बळ गेले. राजा उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो, तेव्हा स्वयंपाकाचा विस्तव ही लष्कराची केवढी मोठी काळजी होती ते कळते. घोडा होता, धान्य होते, स्वयंपाकाचे हातही होते. सांभाळायची होती ती आग.

आगीला कोंडायचे कसे, याचा पद्धतशीर विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये झाला. बेंजामिन थॉम्प्सन हा अमेरिकेत जन्मलेला माणूस बव्हेरियाच्या दरबारी चाकरीत होता; पुढे तो काउंट रमफर्ड म्हणून ओळखला गेला. सैनिकांच्या आणि गरिबांच्या स्वयंपाकघरांचा हिशेब पाहताना त्याच्या लक्षात आले की उघड्या जाळावर लाकडातली बहुतेक उष्णता हवेतच जाते. त्याने विस्तव विटांच्या पेटीत बंद केला, हवेला येण्याजाण्याची मोजकी वाट ठेवली आणि भांडे त्यात गळ्यापर्यंत बसवले. त्यानंतर १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात अलेक्सिस सॉयर या आचाऱ्याने पिंपासारखी दिसणारी बंद चूल ब्रिटिश सैन्याला दिली. थोड्या लाकडात, आणि बाहेर जाळ न दाखवता, ती पन्नास माणसांचे जेवण शिजवी. ती इतकी उपयोगी ठरली की १९८२ च्या फॉकलंड युद्धातही ब्रिटिशांकडे सॉयर चुली होत्या. मात्र ही पिंपे एका जागी ठेवायची. त्यांना चाके नव्हती.

चाके दिली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावच्या फिसलर या भांडी बनवणाऱ्या कंपनीने १८९२ मध्ये फिरती लष्करी चूल तयार केली. आज हीच कंपनी प्रेशर कुकर आणि कढया विकते. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन पलटणींमागे अशा चुली फिरताना साऱ्या युरोपच्या लष्करी निरीक्षकांनी पाहिल्या. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या, तेव्हा त्यांच्या मागे धुराडी धुमसत चालली होती.

आता चूल उघडून पाहू. गाडीचे दोन भाग असतात. पुढच्या छोट्या गाडीत शिधा, मीठ-मसाल्याच्या पेट्या, अवजारे आणि वर बसायची जागा. तिला जोडलेल्या मागच्या गाडीवर चूल. दुसऱ्या महायुद्धातली मोठी चूल ‘एचएफ १३’ या क्रमांकाने ओळखली जाई आणि ती सव्वाशे ते सव्वादोनशे माणसांची सोय करी. तिच्यात दोन मोठी भांडी बसवलेली. एक पावणेदोनशे ते दोनशे लिटरचे, रश्श्यासाठी. दुसरे साठ ते नव्वद लिटरचे, कॉफीसाठी. दोन्हींखाली वेगवेगळा विस्तव, लोखंडी जाळीवर. जळण म्हणून लाकूड, कोळसा, जे मिळेल ते. धूर एका धुराड्यातून बाहेर, आणि वाटेत झाडाच्या फांद्या लागू नयेत म्हणून ते धुराडे खाली पडणारे.

खरी गंमत रश्श्याच्या भांड्यात आहे. ते एक भांडे नसून दोन भांडी आहेत, एकात एक बसवलेली, आणि मधल्या बंद पोकळीत ग्लिसरीन भरलेले. जुन्या वाड्यात अंघोळीचे पाणी तापवणारा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन उमगेल: बंबात विस्तव मधल्या नळीत असतो आणि पाणी त्याच्या भोवती, इथे जेवण मध्ये, त्याच्या भोवती ग्लिसरीन आणि विस्तव सगळ्यांच्या बाहेर.

ग्लिसरीनच का? त्यासाठी आमटी करपते कशी ते पाहावे लागेल. पातेल्याच्या बुडाला पाणी टेकलेले असेपर्यंत ते बूड शंभर अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही, कारण जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पण डाळ, खिचडी, पिठले असा दाट पदार्थ नीट फिरत नाही. बुडाशी वाफेचा कप्पा अडकतो, तिथला थर कोरडा पडतो आणि धातूला चिकटतो. आता त्या जागी पाणी उरलेले नाही. तापमान भराभर दीडशे-दोनशेच्या वर जाते, आणि पिष्ट व साखर काळी पडू लागते. म्हणजे करपणे हा जास्त आगीपेक्षाही एका जागी साचलेल्या आगीचा दोष आहे. ढवळणारा हात तेच करतो: साचलेली उष्णता पसरवतो.

दोन भिंतींमधले ग्लिसरीन हे काम त्या हाताऐवजी करते. विस्तवाजवळचा भाग तापला की तो वर सरकतो, गार भाग खाली येतो, आणि आतल्या भांड्याला सगळीकडून सारखी ऊब मिळते. पोकळीत पाणी भरले असते तर भागले नसते. पाणी शंभर अंशांना उकळते. भिंतीतले पाणीही शंभर आणि आतला रस्साही शंभर, मग उष्णता बाहेरून आत जाणार कशी? शिवाय बंद पोकळीत वाफ कोंडून भांडे फुटायचे. ग्लिसरीन उकळायला २९० अंश लागतात. त्यामुळे ते शंभराच्या बरेच वर तापूनही द्रवच राहते, आत जोरात उकळी आणते आणि तरीही बूड जळू देत नाही. ते विषारी नाही, चवीला गोडसर आहे, म्हणून कुठे झिरपले तरी जेवण नासत नाही. आणि विस्तव विझल्यावर तापलेले ग्लिसरीन कितीतरी वेळ ऊब धरून ठेवते. कॉफी पाण्यासारखी पातळ. ती आपोआप फिरते, करपत नाही, तिला या कवचाची गरजच नव्हती.

हेच ग्लिसरीन नायट्रोग्लिसरीनचे, म्हणजे डायनामाइटचे मूळ द्रव्य. एकच पदार्थ एका कारखान्यात स्फोटक होत होता आणि दुसऱ्या ठिकाणी रस्सा करपू देत नव्हता. मला ही गोष्ट वाचल्यापासून विसरता आलेली नाही.

बंद विस्तवाने किती लाकूड वाचते याचा हिशेब आपल्याला घरीही करता येतो. दोनशे लिटर पाणी वीस अंशांवरून शंभरापर्यंत न्यायला सुमारे ६७ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे १६ मेगाज्यूल असते. म्हणजे सगळी उष्णता भांड्यात गेली तर सव्वाचार किलो लाकूड पुरे. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीत दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला लागते, म्हणून प्रत्यक्षात तीस-चाळीस किलो जाळावे लागते. उरलेले सगळे आचाऱ्याच्या डोळ्यांत आणि आभाळात. हे लाकूड रोज मिळवायचे, वाहायचे, ओले असेल तर वाळवायचे. बंद चुलीने वाचवलेला प्रत्येक भारा म्हणजे घोड्याच्या मानेवरचे तेवढे कमी ओझे.

लढाईच्या काळात चूल आघाडीच्या मागे, आडोशाला उभी करत. अंधार पडला की शिपाई पाठीवर बांधायचे दुहेरी भिंतीचे डबे घेऊन येत, रस्सा भरून घेत आणि चिखलातून पुढे खंदकांपर्यंत नेत. डब्याचे काम तेच, चुलीचेच लहान रूप: ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही.

आपल्या माणसांचा या चुलींशी संबंध आला तो समोरच्या बाजूने. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांतली मुले मराठा पलटणींत भरती होत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन होते आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज तैग्रिस नदीच्या काठी कुट इथे वेढली गेली. वेढा १४७ दिवस चालला. दाणा संपत आला तेव्हा घोडे मारून मांस वाटायला सुरुवात झाली, आणि अनेक भारतीय शिपायांनी ते खायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवावे लागले. पीठ दळायची सोय नव्हती म्हणून १९१६ च्या मार्चमध्ये विमानातून पॅराशूटला बांधून जात्याचा दगड खाली टाकला गेला. विमानातून फौजेला रसद पुरवण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने खंगलेली ती फौज शरण गेली.

त्या जात्याच्या दगडात एक मोठा फरक दडलेला आहे. जर्मन शिपायाला पाव मागच्या भट्ट्यांतून भाजून येई. चुलीने फक्त रस्सा द्यायचा होता. म्हणून एका भांड्यावर भागे. आपल्या शिपायाला भाकरी किंवा चपाती हवी, ती तव्यावरची, ताजी, आणि तिच्यासाठी आधी पीठ. शिवाय कोणी कोणाच्या हातचे खायचे हा प्रश्न त्या काळी होताच. १९१४-१५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी भारतीय सैनिकांसाठी इस्पितळ उघडले, तेव्हा तिथे नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरे चालवावी लागली. दोनशे माणसांचे एकच भांडे हे यंत्र जितके धातूचे आहे तितकेच एका समाजाच्या खाण्याच्या रीतीचे आहे. ते उचलून जसेच्या तसे दुसरीकडे ठेवता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत थेट जर्मनांसमोर उभ्या ठाकल्या. वेल्ह्याच्या पश्चिमेची डोंगरधार उतरली की पलीकडे रायगड जिल्हा. तिथल्या माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटा चालून गेला, ते त्याने घेतले आणि तिथेच धारातीर्थी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच इटलीत ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी तोच सन्मान मिळवला. ते मात्र जिवंत परतले. घाडग्यांच्या नावाने इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले आहे. या लढायांत समोरच्या जर्मन पायदळाच्या कंपन्या जेवत होत्या त्या याच चुलींवर.

युद्ध संपले आणि चुली मागे राहिल्या. मे १९४५ मध्ये बर्लिन पडल्यावर सोव्हिएत सैन्याने आपल्या फिरत्या चुलींवरून उपाशी बर्लिनकरांना जेवण वाढले, त्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. चूल कोणाची बाजू घेत नाही, पण तिच्यावर छाप मारणारे घेतात. म्हणून जर्मन लष्करी वस्तूंच्या संग्राहकाला एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. जर्मनीच्या दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन हा गुन्हा आहे. चुलीची कारागिरी जपायची आणि ती ज्या राजवटीने वापरली तिचा गौरव होऊ द्यायचा नाही, हे भान ज्याला नाही त्याने या छंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्व जर्मनीच्या सैन्याने पुढे बनवलेल्या ‘एफकेयू १८०’ या चुली देशाच्या एकीकरणानंतर मोठ्या संख्येने लोकांच्या हाती आल्या. आज जर्मनीतल्या जत्रांत आणि अग्निशमन दलाच्या सोहळ्यांत अशा चुलींवर वाटाण्याचा दाट रस्सा शिजतो आणि लोक रांगा लावून खातात.

जुनी चूल हाती आली की जाणता माणूस आधी तिला हातच लावत नाही, पाहतो. कारखान्याची पत्र्याची पट्टी शोधतो, तिच्यावरचे नाव आणि साल टिपतो. मग एका कोपऱ्यात रंग थराथराने खरवडतो. जर्मन लष्करी वाहनांना फेब्रुवारी १९४३ पर्यंत गडद राखाडी रंग देत. त्यानंतर गडद पिवळा. पिवळ्याखाली राखाडी निघाला तर चूल त्या तारखेआधीची. वर हिरवा, निळा, तांबडा असे थर असतील तर तो तिच्या शांततेतल्या आयुष्याचा दाखला. सगळा रंग एकदम वाळूच्या फवाऱ्याने उडवणारा माणूस हा दाखला फाडून टाकतो.

त्यानंतरची कामे एकेक करून पाहिली तर मन उचंबळून येते, कारण त्यांतली बहुतेक आपल्या खेड्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहेत.

चाक घ्या. या चुलींची चाके लाकडी आऱ्यांची, वर लोखंडी धाव. धाव सैल झाली की आरे खिळखिळे होतात आणि चाक बसते. ती चढवायची रीत बैलगाडी बनवणाऱ्या सुतार-लोहारांची तीच. धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहानच करायची. मग ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि लाल होईपर्यंत तापवायची. एक मीटर व्यासाच्या धावेचा घेर सुमारे ३.१४ मीटर, ती पाचशे अंशांनी तापली की लोखंड प्रसरण पावून हा घेर जवळजवळ दोन सेंटिमीटरने वाढतो. तेवढ्या वेळात तिघाचौघांनी चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लाकूड पेट घेण्याच्या आत पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठतो, लाकूड करकरते. लोखंड आकसताना पाटे, आरे आणि तुंबा एकमेकांत असे आवळून धरते की खिळ्याची गरज उरत नाही. रबरी चाकांच्या गाड्या आल्यापासून हे काम करणारे हात कमी झाले आहेत.

भांडे घ्या. आतले पात्र तांब्याचे असेल तर त्याला कल्हई लागतेच, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. कल्हईवाला भांडे घासून उजळ करतो, भात्याच्या विस्तवावर तापवतो, नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर निघतो आणि तांब्यावरचा ऑक्साइडचा थर सुटतो. त्या क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळते, तांबे १,०८५ ला, म्हणून भांड्याला काही होत नाही. मग कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवले की चांदीसारखा थर सगळीकडे चढतो. कथील शुद्धच हवे. शिसे मिसळलेले कथील स्वस्त असते, पण जेवणाच्या भांड्यात ते विष आहे. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती, आणि तांब्याचा पत्रा ठोकून त्याला बळकटी व आकार देण्याचे त्यांचे मठारकाम आजही चालते. बंबाची नळी आणि भांडे यांचा सांधा पाणी झिरपू न देता जोडणाऱ्या कारागिराला दोन भिंतींच्या चुलीचे मर्म वेगळे शिकवावे लागणार नाही.

ग्लिसरीनचे काम मात्र नाजूक. ग्लिसरीन हवेतली ओल शोषून घेते. वर्षानुवर्षे पडलेल्या चुलीच्या पोकळीत अशी ओल साचलेली असते, आणि विस्तव पेटवल्यावर त्याच पाण्याची वाफ होऊन दाब वाढतो. म्हणून जुने ग्लिसरीन काढून टाकायचे, पोकळीला छिद्र किंवा गंज नाही ना ते दाबाने तपासायचे, नवे भरायचे आणि पहिल्यांदा अगदी मंद आचेवर, वाफेची वाट मोकळी ठेवून तापवायचे. त्या काळच्या चुली आणि बॉयलर यांच्या सांध्यांत ॲस्बेस्टॉसची दोरी सर्रास वापरत. तिचे तंतू फुप्फुसाला घातक असल्याने ती कोरडी ओरबाडायची नसते. हे काम हौसेचे असले तरी जाणत्याच्या देखरेखीखालीच करावे.

हे यंत्र ज्या युद्धातले, त्या युद्धाचे पोलाद जवळून पाहायचे असेल तर आपल्याला फार लांब जायला नको. अहिल्यानगरला १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. तिथे वेगवेगळ्या देशांचे रणगाडे आणि चिलखती गाड्या उघड्यावर रांगेने उभ्या आहेत. मुलांना घेऊन जावे. पण तोफा पाहून झाल्यावर त्यांना हेही विचारावे की ही माणसे जेवत कशी असतील, आणि विस्तव कुठे लपवत असतील.

भोरमध्ये आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर अजून माळ्यांवर बंब आहेत, जत्रेच्या काहिली आहेत, देवळांच्या मालकीचे हंडे आणि सतेली आहेत. त्यांच्या काठावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी कधी साल कोरलेले असते. कारखान्याच्या पट्टीवरून जर्मन चुलीचा इतिहास जुळवतात, तसा या कोरलेल्या अक्षरांवरून गावाचा जुळवता येतो. पण ही भांडी वजनावर मोडीत जातात आणि अक्षरे भट्टीत वितळतात. तुमच्या घरी किंवा देवळात असे भांडे असेल तर मोडीत घालण्याआधी एवढे करा: काठावरचा मजकूर वहीत उतरवून घ्या, उजेडात त्याचा फोटो काढा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते कुठून आले ते विचारा आणि शक्य असेल तर एकदा कल्हई करून त्यात पंगतीचा भात शिजवा.